बालवाडीतलं प्लेवर्ल्ड : बाईंनी खेळात उतरावं की बाजूला बसावं?

पाटीपेन्सिल

मुलं खेळत असताना मोठ्यांनी काय करायचं, यावर बालशिक्षणात जुनं एकमत आहे. साहित्य मांडा, लक्ष ठेवा, मधे पडू नका. स्वीडनच्या गुनिला लिंडक्विस्ट यांनी १९९५ मध्ये याला छेद दिला. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांच्या खेळावरच्या १९३३ च्या व्याख्यानातला धागा धरून त्यांनी म्हटलं की शिक्षकानेही भूमिका घ्यावी आणि मुलांबरोबर एका गोष्टीच्या जगात शिरावं. तेच प्लेवर्ल्ड. पुढे फिनलंडमध्ये पेन्टी हक्करायनेन, अमेरिकेत बेथ फरहोल्ट, जपानमध्ये कियोताका मियाझाकी यांनी एकमेकांच्या कामाचा आधार घेत ते वाढवलं. ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठाच्या मॅरिलिन फ्लीअर यांनी त्याला पाच पायऱ्यांत बसवलं: गोष्ट निवडणं, जागा ठरवणं, आत शिरण्याची आणि बाहेर येण्याची रीत, सोडवायचा पेच, आणि मोठ्यांनी कोण व्हायचं ते.

आपल्याकडे २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा, म्हणजे तीन ते आठ वयाच्या मुलांसाठीचा, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, २०२३ मध्ये जादुई पिटारा ही सरकारी खेळसाहित्याची पेटी आली. पिटाऱ्यात बाहुल्या आहेत, कोडी आहेत, चित्रकार्डं आहेत. बाईंनी त्या खेळात स्वतः कोण व्हायचं, ही जागा मात्र रिकामीच राहिली. ती या आंतरराष्ट्रीय कामात भरून मिळते. म्हणून अशा प्रकल्पांत आपल्या अंगणवाड्यांनी सामील व्हावं, असं माझं मत. विरोधी मतं हवी आहेत. नुसतं +१ नको.

आकडेमोड

विरोधी मत हवंय ना, घ्या.

२०१३ मध्ये अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी कल्पनाखेळावरच्या तोवरच्या संशोधनाची झाडाझडती घेतली. सर्जनशीलता किंवा बुद्धी कल्पनाखेळामुळेच वाढते असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही. काही ठिकाणी खेळ घेणारी व्यक्तीच नंतर चाचणी घेत होती, आणि कोणतं मूल कुठल्या गटातलं हे तिला ठाऊक होतं. काही ठिकाणी खेळाच्या गटाला मोठ्या माणसाचा सहवासच जास्त मिळाला. मग फरक खेळाने पडला की सहवासाने?

व्हिगॉट्स्कीच्याच पठडीतला 'टूल्स ऑफ द माइंड' हा बालवाडीचा अभ्यासक्रम घ्या. २००७ च्या अभ्यासात निकाल झकास. नंतर बालवाडीच्या वयोगटावर मोठी चाचणी झाली, त्यात फायदा दिसला नाही. २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या किंडरगार्टनमध्ये पुन्हा फायदा दिसला, तोही गरीब वस्तीतल्या शाळांत जास्त. आता यातला कुठला निकाल धरून महाराष्ट्रात पैसा ओतायचा?

सहकार्य कसं असावं याचा नमुना दिल्लीत आहे. हार्वर्ड आणि एमआयटीचे संशोधक, सोबत प्रथम ही संस्था. २१४ बालवाड्या, १५४० मुलं, निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध. एका गटाला गणिती खेळ, दुसऱ्याला तेवढाच वेळ सामाजिक खेळ, तिसऱ्याला नेहमीचंच. तो मधला गट सोन्यासारखा, कारण सहवासाचा प्रश्न तिथेच निकालात निघतो. गणिती खेळांमुळे अंदाजाने कमी-जास्त ओळखण्याची जाण वाढली आणि वर्षभराने मोजली तरी टिकली. पहिलीच्या पाटीवरच्या गणितात मात्र टिकाऊ फायदा शून्य. इतकं नेटकं काम करून इतकंच हाती लागतं, हे आधी पचवा.

पाटीपेन्सिल

दिल्लीचा दाखला माझ्या बाजूने जातो, आकडेमोड. त्या खेळांत गोष्ट नव्हती, भूमिका नव्हती. ठिपके आणि आकार होते. अंदाजाची जाण आणि पाटीवरचा ५ यांना जोडणारं काही त्यात नव्हतं, म्हणून फायदा पाटीपर्यंत पोचलाच नाही. काठीचा घोडा करणारं मूल नेमकं हेच करत असतं: एका वस्तूला दुसरीच्या जागी उभं करणं. अंक म्हणजे तरी दुसरं काय?

आकडेमोड

अनुमान सुरेख आहे, पुरावा नाही. काठीचा घोडा करणारी पोरं गणितात पुढे असतात हे कुणी, कुठे मोजलं ते सांगा. तोवर हा भाषणातला मुद्दा.

तिसरी घंटा

तुमचं चालू द्या. हे प्रत्यक्षात कसं उभं राहतं ते कुणीच सांगत नाहीये, म्हणून लिहितो.

म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घ्या. सगळ्यांना पाठ. पण जशी आहे तशी ती प्लेवर्ल्डला कुचकामी, कारण म्हातारीने सगळे पेच स्वतःच सोडवलेत, मुलांना करायला काही उरत नाही. म्हणून गोष्ट मध्येच अडकवायची: लेकीकडून परत येताना भोपळा चढाच्या पायथ्याशी रुतलाय, आत म्हातारी आहे, वाघ येईल. आता?

बाई म्हातारी होतात. वेशभूषा एकच, डोक्यावरून पदर आणि हातात काठी, आणि तीही मुलांच्या डोळ्यांदेखत घ्यायची. आतून तयार होऊन आलात की तीन वर्षांची पोरं भोकाड पसरतात, मग तो दिवस गेला. वाघ पहिल्या दोन आठवड्यांत दिसूच नये, फक्त डरकाळी. ज्याला भीती वाटते त्याच्या हाती कंदील द्यायचा. तो कंदीलवाला दाराशी उभा राहतो आणि मनात येईल तेव्हा खेळ थांबवू शकतो.

आत शिरायला दोन मुलांनी धरलेली जुनी साडी पुरते. तिच्याखालून वाकून जायचं, येताना तिच्याखालूनच यायचं. बाहेर येणं लोक विसरतात. मग जेवणाच्या पंगतीतही पोरं बाईंना म्हातारी म्हणत राहतात आणि धाकट्यांना खरं-खोटं कळेनासं होतं. एक खेळ २५ ते ३० मिनिटं, आठवड्यातून दोनदा, एक गोष्ट पाच-सहा आठवडे. मधल्या दिवसांत म्हातारीची चिठ्ठी येते, नाहीतर धागा तुटतो.

पेच सोडवायला पाटाखाली एका टोकाला दोन विटा. त्यावरून चेंडू, सरळ बाटली, लाल भोपळा आणि एका टोकाला निमुळता दुधी सोडून बघायचे. बाटली सरळ जाते, दुधी वळत वळत पाटाबाहेर पडतो, चपटा लाल भोपळा दोन गिरक्या घेऊन बसकण मारतो. मुलं म्हणतात, म्हातारीला दुसरा भोपळा द्या. मग 'दुसरा' म्हणजे कसा, यावर भांडण जुंपतं.

सगळ्यात मोठी चूक याच क्षणी होते. बाई पदर तसाच ठेवून विचारतात, "सांगा बरं, वाघाला पाय किती?" खेळ तिथे खलास. म्हातारीला उत्तर खरोखर माहीत नसतं, हे बाईंना पाच आठवडे निभवावं लागतं.

रंगीत खडू

तिसरी घंटा, वर्णन झकास, पण विटा आणि पाट आले तिथे तुम्ही लिंडक्विस्ट सोडून फ्लीअरकडे, म्हणजे खेळातून विज्ञान शिकवण्याकडे, गेलात. लिंडक्विस्टचा जोर सौंदर्यानुभवावर होता: भीती, एकटेपणा, धाडस. तुमच्याकडे म्हातारीची भीती उताराच्या प्रयोगाला जुंपली गेली. कल्पनेला विज्ञानाच्या तासाची मोलकरीण करायची तर हेच काम साध्या कृतिपत्रिकेनेही होतं. अनुदान मागताना 'विज्ञान, तंत्रज्ञान' असे शब्द उपयोगी पडतात, म्हणून तर ही शाखा फोफावली नाही ना, अशी शंका आहे.

तिसरी घंटा

कृतिपत्रिकेत म्हातारी अडकलेली नसते. भोपळा घरंगळायलाच हवा, याची निकड गोष्टीतून येते. पण एक मान्य: पाचपैकी दोन आठवडे नुसते वाट बघण्याचे, रात्रीचे, जंगलातल्या आवाजांचे असावेत. पाट तिसऱ्या आठवड्याआधी काढू नये.

डोंगरपाडा

धाग्यात अंगणवाडी हा शब्द आहे, अंगणवाडी कुठेच दिसत नाही. एक सेविका, एक मदतनीस. मदतनीस ताई स्वयंपाकात. सेविकेकडे वजन-उंची, पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवरच्या नोंदी, गृहभेटी. तीन ते सहा वयाची पोरं एकाच खोलीत. प्लेवर्ल्ड सहसा दोन मोठी माणसं धरून चालतं, एक भूमिकेत आणि एक मुलांच्या बाजूने. म्हातारी पाटाशी अडकली असताना दाराशी कुणी घरपोच आहाराचं पाकीट मागायला आलं, की जंगल संपलं.

दुसरं. मोठ्याने मुलाचा सवंगडी होणं ही सगळ्या जगाची रीत नाही. बार्बरा रोगॉफ, जयंती मिस्त्री आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा अभ्यास बघा: ग्वाटेमालातलं सान पेद्रो, भारतातली ढोल की पट्टी ही आदिवासी वस्ती, तुर्कस्तानचं केचिओरेन, अमेरिकेचं सॉल्ट लेक सिटी. प्रत्येक ठिकाणी १४ बाळं. शहरी मध्यमवर्गात आया मुलांशी सवंगड्यासारख्या खेळताना दिसल्या. पहिल्या दोन ठिकाणी ते कमी, तिथे खेळ भावंडांचा. आता भूमिका घेणारी बाई हाच दर्जाचा निकष केलात, तर पाड्यावरचं मूल खेळाआधीच नापास.

तिसरं, मोजमाप. संशोधकांनी खेळाच्या चित्रफितीत मुलांची वाक्यं मोजणारी संकेतसूची, म्हणजे नोंदींचा तक्ता, वापरली, तर घरी वारली किंवा कातकरी बोलणारं मूल मराठी बाईंसमोर गप्प राहतं आणि त्याच्यापुढे शून्य पडतं. ते मूल हात कपाळाला लावून वाघ शोधत असतं, पण रकाना फक्त बोलण्याचा.

तिसरी घंटा

मोजमापाशी शंभर टक्के सहमत. पण मोठ्यांनी सोंग घेणं परकं? जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात मुखवटे लावून गावातली मोठी माणसंच नाचतात. कोकणात दशावतार. मुलांसमोर मोठ्याने दुसरं कुणी होणं ही पाड्यावरची जुनी गोष्ट आहे, स्वीडनहून आलेली नाही.

डोंगरपाडा

बोहाड्यात मूल प्रेक्षक असतं. मुखवटा लावलेल्याला ते "असं नको, तसं कर" म्हणत नाही. प्लेवर्ल्डचा सगळा दावा मुलाने मोठ्याला दिशा देण्यावर उभा आहे. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. भातुकलीत पाच-सहा वर्षांची ताई धाकट्यांना आई, बाबा, पाहुणे वाटून देते. पाड्यावरचा शिक्षक ती आहे. संशोधकांनी तिच्यापासून सुरुवात करावी.

पाटीपेन्सिल

आयात केलेलं मोडून आपलं करण्याची रीत आपल्याकडे आहेच की. माँटेसरी पद्धत युरोपातूनच आली. साहित्य महाग, शहरी. १९४५ मध्ये बोर्डीला गेल्यावर ताराबाई मोडकांनी शंख-शिंपले, खडे, बिया घेऊन काम उभं केलं, पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर कुरणशाळा, म्हणजे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणाऱ्या शाळा, झाल्या. आणि गंमत अशी की माँटेसरीबाईंना परीकथा आणि खोटंखोटं खेळणं फारसं मान्य नव्हतं, तर त्यांचीच पद्धत घेणाऱ्या गिजुभाईंनी भावनगरच्या बालमंदिरात गोष्टी आणि नाटकं मनसोक्त आणली. परदेशी चौकट अशी वाकवता येते. तुमची ताई म्हातारी झाली आणि सेविका अडकलेला भोपळा, तर?

डोंगरपाडा

सेविका भोपळा. हे चालेल. भोपळ्याला बोलावं लागत नाही, दाराशी कुणी आलं तर उठूनही जाता येतं.

आकडेमोड

मग मोजायचं असेल तर माझ्या अटी. तीन गट, दिल्लीसारखे: प्लेवर्ल्ड, तीच गोष्ट तेवढाच वेळ नुसती सांगणं, नेहमीचं. वाटणी अंगणवाडीनिहाय करा. एकाच अंगणवाडीत दोन गट केले तर पोरं दुपारी अंगणात एकमेकांना सगळा भोपळा शिकवतात. चाचणी घेणाऱ्याला गट माहीत नको. कॅमेरा निदान चार दिवस नुसता ठेवा, मुलं त्याच्याकडे बघायची थांबली की मगच चित्रण. संकेतसूचीत बोलणं, हावभाव आणि वस्तूचा बदललेला वापर असे तीन वेगळे रकाने. पाचातली एक चित्रफीत दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवायची आणि त्या दोघांतला एक वारली जाणणारा हवा. भाषांतर झालेल्या लेखी प्रतीवरून नोंद करायची नाही. हावभाव त्यात उतरतच नाहीत.

डोंगरपाडा

आणखी दोन गोष्टी करारात. चित्रफिती कुणाच्या ताब्यात राहणार आणि पालकांनी 'पुसून टाका' म्हटलं तर कोण पुसणार, हे त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं. आणि प्रश्न ठरवण्याच्या बैठकीला सेविका हव्यात. माहिती गोळा करायला शेवटी बोलावायच्या नाहीत.

रंगीत खडू

सेविका आणि मदतनीस ताईंच्या जादा तासांचे पैसे अंदाजपत्रकात कुठल्या रकान्यात आहेत तेही बघा. प्रवासखर्चाचा रकाना नेहमी भरलेला असतो.