पोलो जीटी टीएसआय: मुंबईसाठी हलकी अलॉय आणि चांगले टायर, १५ इंची ठेवावं की १६ वर जावं?

विक्रोळी_टीएसआय:

गाडी २०१५ ची पोलो जीटी टीएसआय, १.२ टर्बो, डीएसजी ऑटोमॅटिक. कंपनीचीच १५ इंची अलॉय आहेत, रिमच्या आत ६ जे × १५ ईटी ४० असं उठवलेलं आहे (रुंदी ६ इंच, व्यास १५ इंच, आणि रिम हबला टेकते ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून ४० मिमी बाहेरच्या बाजूला). टायर १८५/६० आर१५ ८४एच (रुंदी मिमीत, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचे इंच, मग भार आणि वेगाची खूण). नक्षी अडीच मिमी उरली आहे, आणि डाव्या पुढच्या रिमच्या आतल्या कडेला पोचा आहे. चारही टायर बदलायचेच आहेत, तर सोबत हलकी रिम घ्यावी का?

रोजचं जाणं-येणं जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता) अंधेरी, महिन्यातून दोनदा बोर घाट. ट्रॅकवर गाडी नेत नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका दुकानदाराने ७ जे × १६ ईटी ३५ ची रिम दाखवली, "आरामात बसेल" म्हणाला. दुसऱ्याने १७ वर २०५/४५ सुचवलं. स्टिअरिंग नेमकं हवं, पावसात पकड हवी, आणि दर पावसाळ्यात रिम ठोकून घ्यायला लागू नये. कोणत्या मापाने जावं?

ऑफसेट_आप्पा:

१७ आधी डोक्यातून काढा. २०५/४५ आर१७ ची भिंत, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची टायरची उंची, ९२ मिमी, तुमच्या आत्ताच्या टायरची १११ मिमी. पेव्हर ब्लॉक आणि डांबर जिथे मिळतात तिथे जी उभी धार असते, तिच्यावर ४० च्या वेगात हा १९ मिमीचा फरकच रिम वाचवतो किंवा वाकवतो. टायर रिमच्या कडेत आणि खड्ड्याच्या धारेत चिमटला की आतले धागे तुटतात, आठवड्याभरात भिंतीला फुगा येतो. तो टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो.

व्यासाचा हिशेब स्वतः करून बघा: रुंदी गुणिले टक्केवारी, त्याची दुप्पट, अधिक रिमचे इंच गुणिले २५.४. १८५/६० आर१५ चा व्यास ६०३ मिमी. १९५/५५ आर१५ चा ५९५, म्हणजे सव्वा टक्का कमी. १९५/६० आर१५ चा ६१५, दोन टक्के जास्त. १९५/५५ आर१६ चा ६२१, तीन टक्के जास्त. तीन टक्क्यांनी गिअर तेवढे लांब होतात आणि स्पीडोमीटर आत्तापेक्षा तीन टक्के कमी दाखवतो. स्पीडोमीटर मुळात थोडा जास्तच दाखवतो म्हणून हे चालून जातं, पण फरक माहीत असावा.

आता दुकानदाराची ७ जे ईटी ३५. रुंदी एक इंचाने वाढली की दोन्ही बाजूंना १२.७ मिमी जातात. ईटी पाचने कमी म्हणजे अख्खं चाक ५ मिमी बाहेर. बाहेरची कड १७.७ मिमी बाहेर सरकली, आतली ७.७ मिमी स्ट्रटकडे, म्हणजे सस्पेन्शनच्या खांबाकडे गेली. चार माणसं आणि सामान भरून स्पीडब्रेकरवर मागचा टायर फेंडरच्या कडेला घासण्याची पाळी येते. न घासलं तरी स्टिअरिंग रस्त्यावरच्या प्रत्येक चरीमागे ओढलं जातं आणि बेअरिंगवर भार वाढतो. नेमकं स्टिअरिंग हवं असेल तर ईटी मूळच्या तीन-चार मिमीच्या आत ठेवा. ६.५ जे × १५ ईटी ३८ घेतलं तर बाहेर ८ मिमी, आत जेमतेम ४. मला हेच तुमच्यासाठी सर्वात शहाणं माप वाटतं. त्यावर १८५/६० आणि १९५/६० दोन्ही नीट बसतात.

वजनाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण इथे लोक सर्वात जास्त पैसे घालवतात. कंपनीची १५ इंची ओतीव रिम बहुधा साडेसात ते साडेआठ किलोची असते. चांगली फ्लो-फॉर्म्ड, म्हणजे ओतल्यावर कड गरम रोलरखाली ताणून पातळ आणि घट्ट केलेली, साडेपाच ते साडेसहा. चारांत मिळून आठ किलो वाचले असं धरा. कडेवरचा एक किलो वेग घेताना दोन किलोइतका पडतो, कारण तो पुढेही न्यायचा असतो आणि फिरवायचाही असतो. तरी अकराशे किलोच्या गाडीत पंधरा-सोळा किलोंचा फरक पिकअपमध्ये कळणार नाही. कळेल तो काँक्रीटच्या सांध्यांवर. चाक हलकं असलं की शॉकअब्झॉर्बरला ते लवकर आवरतं, आणि टायर रस्ता सोडत नाही. म्हणून हलकी रिम घ्यायची ती पकडीसाठी.

आणि उलट बाजू: १६ किंवा १७ ची स्वस्त ओतीव रिम नऊ-दहा किलोंची असते. "अलॉय म्हणजे हलकं" हे गृहीत धरू नका. दुकानात सामान तोलायचा काटा घेऊन जा, रिम टांगा, आकडा बघा.

घाटमाथा:

आप्पांशी बहुतेक सहमत, पण १६ ला इतकं बाजूला सारू नका. कंपनीनेच २०१७ पासून पोलो जीटीला १६ इंची रिम आणि १९५/५५ आर१६ दिलं. त्या टायरची भिंत १०७ मिमी, १५ वाल्यापेक्षा फक्त ४ मिमी कमी. शिवाय गाडी नऊ मिमी उचलली जाते. एखाद्याने बदललेली कंपनीची रिम वापरलेली मिळाली तर ऑफसेट (म्हणजे ईटी), मधलं भोक, बोल्टची बैठक (बोल्ट रिमला टेकतो ती जागा), कशाचाच प्रश्न उरत नाही. कायद्याच्या बाजूनेही बरं. जानेवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करणं अडचणीचं आहे. कोणतीही रिम घातली तरी विमा कंपनीला लेखी कळवा, पॉलिसीवर नोंद करून घ्या.

वापरलेली रिम घेताना मात्र टायर न चढवता बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा. कडेजवळ स्थिर टोक धरा: वर-खाली किंवा डावी-उजवी एक मिमीपेक्षा जास्त हलली तर घेऊ नका. आतली बाजू रॉकेलने पुसून टॉर्च मारा, आर्‍याच्या मुळाशी केसाएवढी रेघ दिसली की ती चीर समजा. वेल्डिंग केलेली रिम फुकट दिली तरी नको.

पाऊसपाणी:

रिमवर एवढं बोलणं झालं, टायर राहिलाच. माझं मत असं की बजेट एकच असेल तर ते आधी टायरवर लावा. अडीच मिमी नक्षीवर तुम्ही आत्ता चालवताय तेच पावसासाठी धोक्याचं आहे. कायदा १.६ मिमीला थांबवतो, पण साचलेलं पाणी बाजूला फेकायची ताकद ३ मिमीखाली झपाट्याने घटते. मुंबईत मे अखेरीस खोली मोजा, ३ च्या खाली असेल तर पावसाळ्याआधीच बदला.

रोजचा वापर आणि घाट म्हटल्यावर दोनच प्रकार बघायचे. एक, टूरिंग: मिशेलिन प्रायमसी ४ एसटी, कॉन्टिनेन्टल अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६ या जातीचे. ओल्यात भरवशाचे, आवाज कमी, आयुष्य चांगलं. दुसरा, स्पोर्टकडे झुकणारा: ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई००३ सारखा. भिंत कडक, स्टिअरिंग फिरवल्याबरोबर नाक वळतं, पण खड्डा हातात येतो आणि रबर लवकर झिजतं. तुमच्या तीन मागण्या बघता मी टूरिंगमधला वरचा टायर घेईन. सेमी-स्लिकच्या वाटेला जाऊ नका. योकोहामा एडी०८आर सारखा टायर कोरड्या घाटात सुंदर चालतो, पण उथळ आणि मोजक्या चरी घेऊन जुलैमध्ये तुंबलेल्या रस्त्यावर तो पाण्यावर तरंगतो.

टायरवर चार गोष्टी वाचायच्या. भार: ८४ म्हणजे प्रत्येकी ५०० किलो. त्याखाली जायचं नाही, म्हणजे ८२ चा टायर नको. १९५/६० आर१५ मध्ये ८८ मिळतो, तो ५६० किलोचा. वेग: एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, टी म्हणजे १९०. टी घेऊ नका, तिथे बांधणी मऊ असते. आयएसआय खूण असायलाच हवी. आणि तारीख: चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १८२४ म्हणजे २०२४ चा अठरावा आठवडा. जून २०२० पासून टायरच्या आयातीला परवाना लागतो, त्यामुळे परदेशी स्पोर्ट टायरच्या काही मापांत दुकानात जुना माल पडून असतो. दोन वर्षांहून जुना असेल तर तो परत करा, चारही एकाच सुमाराचे मागा.

हवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे, आणि टायर थंड असताना. "पावसात हवा कमी ठेवली की पकड वाढते" हे अजूनही पंपावर ऐकू येतं, ते उलट आहे. विमानांच्या टायरवरून नासाने बसवलेलं ढोबळ सूत्र आहे: हवेच्या दाबाच्या वर्गमुळाला नऊने गुणलं की पाण्यावर तरंगायला लागायचा वेग नॉटमध्ये येतो. ३३ पीएसआयला तो ताशी ९६ किमीच्या आसपास येतो, २५ ला ८३. मोटारीच्या झिजलेल्या टायरला याहून आधीच होतं.

विक्रोळी_टीएसआय:

फार स्पष्ट झालं, सगळ्यांचे आभार. १५ वरच राहतो. ६.५ जे × १५ ईटी ३८ फ्लो-फॉर्म्ड मिळते आहे, पण मधलं भोक ७३.१ मिमी आहे, गाडीच्या हबपेक्षा मोठं. दुकानदार म्हणतो रिंग टाकू आणि जुनेच बोल्ट लावू. हे चालेल?

आटेदार:

रिंग चालेल, जुने बोल्ट बहुधा चालणार नाहीत. इथेच थांबून नीट बघा, कारण पोलोत नव्या अलॉयची सर्वात धोक्याची चूक हीच असते.

पोलोला नट नाहीत, बोल्ट आहेत: एम१४ × १.५, ५×१०० चे, म्हणजे पाच बोल्ट १०० मिमीच्या वर्तुळावर. कंपनीच्या बोल्टची बैठक गोल असते, चेंडूच्या भागासारखी. बाजारातल्या बहुतेक अलॉयची बैठक ६० अंशांची निमुळती. गोल बोल्ट निमुळत्या भोकात घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण टेकतो फक्त एका बारीक कडीवर. शंभर-दोनशे किलोमीटरांत ती कडी दबते, ताण जातो, बोल्ट सैल होतो. चाक सुटण्याआधी स्टिअरिंगला हलका थरथराट येतो, तो लोक बॅलन्सिंगचा दोष समजतात. म्हणून रिमच्या भोकात बोट फिरवून बैठक ओळखा आणि त्याच बैठकीचे वीस बोल्ट रिमसोबत घ्या.

लांबीही बघा. हाताने फिरवताना बोल्ट टेकेपर्यंत किमान साडेसात फेरे पूर्ण गेले पाहिजेत. कमी गेले तर आटे पुरेसे धरत नाहीत. जास्त लांब झाला तर त्याचं टोक मागच्या ब्रेक ड्रमच्या आत निघून ब्रेकच्या भागांना लागतं. पाचही बोल्ट लावून मागचं चाक हाताने फिरवा, खट्‌ असा आवाज आला की लगेच काढा. स्पेसरचा विचार याच कारणाने सोडा: ५ मिमीचा स्पेसर म्हणजे सरळ तीन फेरे गेले.

रिंग ७३.१ ते ५७.१ ची, शक्यतो अॅल्युमिनिअमची. घाटात उतरताना ब्रेक तापतात तेव्हा स्वस्त प्लास्टिकची रिंग मऊ पडते. ती भार घेत नाही, चाक बरोबर मध्यावर बसवते. ती नसेल तर ८० च्या पुढे थरथर येते आणि कितीही वजनं चिकटवली तरी जात नाही. बसवण्याआधी हबचा गंज तारेच्या ब्रशने काढा. आपल्याकडे खारी हवा असल्याने अॅल्युमिनिअम आणि लोखंड एकमेकांना धरून बसतात, म्हणून हबच्या मधल्या उंचवट्यावर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. बोल्टच्या आट्यांना आणि बैठकीला ग्रीस लावू नका. त्याने त्याच टॉर्कला ताण जास्त येतो आणि बोल्ट ताणला जातो.

बोल्ट आधी हाताने, मग ताऱ्याच्या क्रमाने, गाडी जमिनीवर टेकवून १२० न्यूटन मीटरला टॉर्क रेंचने. टायरवाल्याने बोल्ट आवळायची हवेची गन लावली तर त्याला थांबवा. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा रेंच फिरवा.

रिमच्या आत कमाल भार कोरलेला असतो. गाडीच्या पाटीवरचा जड अॅक्सलचा आकडा घ्या, दोनने भागा. रिमचा आकडा त्याहून मोठा हवा. जेडब्ल्यूएल ही खूण जपानी मानकाची, सोबत व्हीआयए असेल तर तपासणी नोंदलेली आहे. नकली मालावर या खुणा नुसत्या ओतलेल्याही असतात, म्हणून बिल आणि बनवणाऱ्याचं नाव मागा.

एक राहिलं: तुमची स्टेपनी कंपनीची आहे आणि तिला गोल बैठकच लागते. जुन्या बोल्टपैकी पाच स्टेपनीच्या खाचेत पिशवीत घालून ठेवा, वर चिठ्ठी लावा. रात्री बोर घाटात पंक्चर झालं आणि हातात फक्त निमुळते बोल्ट असले तर तीच चूक उलट्या बाजूने होते.

ऑफसेट_आप्पा:

बोल्टचं आटेदारांनी सांगितलं ते अक्षरशः पाळा. अलाइनमेंट टायर बसवल्याच दिवशी करा, रिपोर्टची छापील प्रत घ्या. मागच्या चाकांचे कोन या गाडीत जुळवता येत नाहीत, म्हणून मागचे आकडे मर्यादेबाहेर असतील तर टायरवाला काही करू शकणार नाही, अॅक्सल तपासावा लागेल. पुढचा टो, म्हणजे वरून बघता चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते, बघा. तो बाहेरच्या बाजूला गेला की आतली कड पाच-सहा हजार किलोमीटरांत खाल्ली जाते आणि बाहेरून टायर नवा दिसत राहतो.

नव्या टायरवर साच्याचा चिकट थर असतो, पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाटात जोर लावू नका, पावसात तर नाहीच. नंतर दर आठ हजारांना पुढची चाकं मागे, मागची पुढे. नक्षीवर बाण असेल तर बाजू बदलायची नाही. आणि १९५/६० घेतलं तर स्टेपनी १८५/६० ची राहील: ती पुढे लावून एक्सप्रेसवेवर जाऊ नका. पुढचा टायर गेला तर मागचं एक चाक पुढे आणा, स्टेपनी मागे लावा.

विक्रोळी_टीएसआय:

बोटाने बघितलं, नव्या रिमची बैठक निमुळतीच आहे. निमुळते वीस बोल्ट आणि अॅल्युमिनिअमच्या रिंग सांगितल्या आहेत. स्टेपनीचा घोळ नको म्हणून टायर १८५/६० आर१५ ८४एच चेच ठेवतो.

आटेदार:

बोल्ट आले की एक जुना आणि एक नवा शेजारी धरून बैठकीपासून टोकापर्यंतची लांबी मोजा. कंपनीचा २७ मिमी असतो. पण नव्या रिमची जाडी वेगळी असेल तर तोच आकडा पुरेलच असं नाही, फेरे मोजूनच ठरवा.