प्रतिसाद: ब्रुसेल्समधलं लॉबिंग आणि जेवणावळी

वर कुणीतरी लिहिलंय की ब्रुसेल्समधलं लॉबिंग म्हणजे खासदारांना जेवणावळी. जेवणं होत असतील, पण खरं काम कागदावर चालतं. सीबॅम, म्हणजे युरोपीय संघाचा आयातीवरचा कार्बन कर, हेच उदाहरण घ्या.

एक टन अॅल्युमिनियम वितळभट्टीतून काढायला १४-१५ हजार युनिट वीज लागते. युरोपात विजेचा घाऊक भाव त्या वेळी चालवावं लागणारं सर्वात महाग केंद्र, अनेकदा गॅसवालं, ठरवतं, आणि त्याच्या भावात कार्बनचा खर्च धरलेला असतो. त्यामुळे जलविद्युत वापरणारा कारखानाही बाजारभावाने घेतलेल्या विजेत कार्बनचा खर्च मोजतो. त्याची भरपाई काही देशांची सरकारं देतात. सीबॅममध्ये वीज बनवतानाचं उत्सर्जनही धरलं असतं तर ही भरपाई धोक्यात आली असती, आणि स्वच्छ विजेवरच्या आयात मालाला विजेपोटी जवळपास काहीच भरावं लागलं नसतं. 'युरोपियन अॅल्युमिनियम' या उद्योगाच्या संघटनेने हाच मुद्दा लावून धरला. २०२३ च्या नियमाच्या दुसऱ्या परिशिष्टात अॅल्युमिनियम आणि पोलादासाठी फक्त थेट, म्हणजे कारखान्यातलं, उत्सर्जन धरलं गेलं. सिमेंट आणि खतांना ती सूट नाही.

युरोपीय संसदेच्या समितीत दुरुस्ती दोन रकान्यांत जाते: डावीकडे युरोपीय आयोगाचा (नियमाचा मसुदा मांडणाऱ्या संस्थेचा) मजकूर, उजवीकडे बदललेला, खाली छोटं समर्थन. संघटना नेमकं हेच तयार करून देते. तिढा बहुधा संघटनेच्या घरातच असतो. प्राथमिक उत्पादक (खनिजापासून धातू काढणारे) आणि भंगार वितळवणारे यांचं हित वेगळं, मग पत्रक इतकं गुळमुळीत होतं की कुणी वाचत नाही. नियमाचा मसुदा आल्यावर जागं होणं तर फारच उशिराचं. परिणाम-मूल्यांकनाच्या, म्हणजे मसुद्याआधी आयोग करतो त्या अभ्यासाच्या, टप्प्यावरच आकडे द्यावे लागतात.