मदत हवी आहे: मोठ्या क्रूझवर आईसाठी कुठली केबिन घ्यावी?

नमस्कार मंडळी,
आई-बाबा, आम्ही दोघं आणि लेक असे सगळे क्रूझला जायचं म्हणतोय. जहाज अवाढव्य आहे, ‘आयकॉन ऑफ द सीज’सारखं, म्हणजे २० डेक आणि साडेतीनशे मीटरहून जास्त लांबी! लेक घसरगुंड्यांचे फोटो बघून आत्तापासूनच नाचतेय. माझा जीव मात्र आईत अडकलाय.

तिला वळणांच्या रस्त्यावर गाडी लागते. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर हेलकावे कमी जाणवतात, हे माहीत आहे. पण खाली बहुतेक केबिनना नुसती खिडकी, कधी तीही नाही. आणि मळमळायला लागलं की तिला मोकळी हवा लागते, दूर कुठेतरी नजर लावून बसली की बरं वाटतं. मग मधोमध पण वरची, बाल्कनीवाली घ्यावी, की खालची खिडकीवाली? गोळ्यांचं डॉक्टरांना विचारणारच आहे.

दुसरं म्हणजे तिचे गुडघे. काही बंदरांत जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेतात. तिथे हलत्या बोटीत पाऊल टाकावं लागतं. हे तिला झेपेल? व्हीलचेअर असेल तर कर्मचारी हात देतात, की समुद्र खवळलेला असेल तर सरळ नाही म्हणतात? अशी बंदरं जास्त असतील तर मी मार्गच बदलेन, तिला एकटीला जहाजावर बसवून आम्ही फिरणं मला पटत नाही.

गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना कुणी नेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा. बुकिंग लवकरच करायचंय.