गावात स्वमग्नतेविषयी लोकांशी कसे बोलावे?

प्रश्न (प्राथमिक शिक्षक, परभणी जिल्हा)

आमच्या जिल्हा परिषद शाळेत दुसरीच्या वर्गात स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे, निदान झालेला एक मुलगा आहे. हाक मारली तरी तो वळून पाहत नाही, बाटलीचे झाकण फरशीवर फिरवत बसतो आणि पाढे मात्र न चुकता लिहितो. गावात कोणी त्याला देवऋष्याकडे न्यायला सांगतो, तर कोणी आईच्या लाडाला दोष देतो. २ एप्रिलच्या जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनी ढोल-ताशांसह प्रभातफेरी काढून नंतर ग्रामस्थांशी बोलावे, असा आमचा विचार आहे. लोकांना नेमके काय सांगावे?

उत्तर १ (स्पीच थेरपिस्ट, लातूर)

गुरुजी, फेरी जरूर काढा, पण ढोल-ताशे वगळा. स्वमग्नता असलेल्या अनेक मुलांना मोठा आवाज सोसवत नाही. पाढ्यांचे कौतुकही भाषणात फार नको, कारण प्रत्येक मुलाजवळ असे कसब नसते आणि नसलेल्यांच्या आईबापांना ते लागते. त्याऐवजी लक्षणे सांगा. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे होऊनही हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल किंवा येत असलेले शब्द बोलेनासे झाले असेल, तर ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणून थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत आणि जिल्हा रुग्णालयात शीघ्र निदान व उपचार केंद्राची चौकशी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत मुले तपासतात. मात्र दिवाळीच्या सुमारास उसाच्या फडावर गेलेल्या कुटुंबांची मुले त्यातून सुटतात. ती गाव सोडण्याआधीच अंगणवाडीताईंनी त्यांच्याकडे पाहिले, तर फार मोठे काम होईल.

उत्तर २ (एका मुलाची आई, बीड जिल्हा)

सर, आईच्या लाडाने किंवा दुर्लक्षाने हे होत नाही, एवढे एक वाक्य चारचौघांत ठामपणे सांगा. आमच्यासारख्यांना सासरी-माहेरी त्याचा आधार होतो. लसीमुळे होते, हेही खरे नाही. तसा दावा करणारा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला; तरीही त्या भीतीने कोणी गोवराची लस टाळली, तर लेकराचे नुकसान होते.

दुसरे म्हणजे शेजाऱ्यांनी काय करायचे, ते सांगा. आमच्याकडे सप्ताहात देवळावरचा कर्णा थेट आमच्या दाराकडे तोंड करून असे आणि माझा मुलगा हरिपाठ सुरू होताच धान्याच्या कोठीमागे जाऊन कान दाबून बसे. मंडळींना समजावल्यावर त्यांनी कर्ण्याचे तोंड शिवाराकडे वळवले आणि आता तो ओसरीवर बसून टाळ ऐकतो. किराणा दुकानदार त्याला प्रश्नांवर प्रश्न विचारत नाही. मुलगा बिस्किटाचे चित्र पुढे करतो, तेव्हा दुकानदार पुडा हातात देऊन वाट पाहतो. हे करायला कोणालाही खर्च आला नाही.

उत्तर ३ (विशेष शिक्षक, नांदेड)

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण मिळते आणि त्यात थेरपीचाही समावेश असतो. दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी यूडीआयडी (दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र) संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. त्या दिवशी शाळेतच एक संगणक मांडून पालकांचे अर्ज भरून घेतले, तर त्यांचा तालुक्याचा हेलपाटा वाचेल.