लहानपणीचे अद्भुतकथाकार मोठेपणी पुन्हा वाचायचेत, बैठक कशी घ्यावी?

नौपाडा_वाचनगट
नमस्कार. ठाण्यात आमचा नऊ जणांचा वाचनगट आहे. वयं ३५ ते ६२, तिघं ऐरोली-वाशीहून येतात. पुढच्या बैठकीचा विषय असा: ज्या अद्भुतकथांनी लहानपणी वेड लावलं, त्यांच्या लेखकांचं आज आपल्यात काय उरलंय? वेळ दोन तास. भीती एकच, ‘काय दिवस होते ते!’ यातच संध्याकाळ जाईल. तयारी काय करावी, जाणकारांनी सांगावं.

पिंपळपान
पुस्तक उघडायच्या आधी लिहून घ्या. हे राहिलं तर पुढचं सगळं वाया, कारण दोन पानं वाचली की जुनी आठवण आणि नवं वाचन एकमेकांत मिसळतं आणि मग वेगळं काढता येत नाही. प्रत्येकाला कोरा कागद, १५ मिनिटं. आठवणारी एक जागा, त्या जगातला एक नियम, एखादा शब्द किंवा वाक्य. कथानक नको. कागद घडी घालून बाजूला ठेवा, मग मजकूर मोठ्यानं वाचा. पाच-सहा पानं पुरे, त्यापुढे ऐकणाऱ्यांचं लक्ष उडतं. त्यानंतर कागद उघडा.

नियमावर एवढा भर का? गोष्ट विसरते, नियम राहतो. वेताळाच्या कुठल्या गोष्टीत कुठली राजकन्या होती हे क्वचितच कुणी सांगेल. पण उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील आणि बोललास तर प्रेत पुन्हा झाडावर, हा पेच सगळ्यांना पाठ असतो. त्या गोष्टींत तीन-चार माणसांचे दावे असतात आणि विक्रम निवाडा देताना बहुधा कृतीपेक्षा हेतू तोलतो. ‘चांदोबा’ मासिकात गोष्ट आली की दर महिन्याला मूल स्वतःही मनात निवाडा देतं, मग राजाचं उत्तर ताडून बघतं. माझ्या मते या लेखनाचा खरा ठसा तो आहे. सोसायटीच्या सभेत ‘चूक कुणाची’ याआधी ‘कुणाला काय माहीत होतं’ असं विचारणारं माणूस असतं ना, त्याच्याशी या सवयीचं नातं लागतं का, हे गटात जरूर बोला.

जुने_अंक
पिंपळपान यांच्याशी सहमत, पण ‘लेखक’ म्हणजे नेमका कोण, हे आधी बघा. सोमदेवाच्या ११व्या शतकातल्या कथासरित्सागरात वेताळाच्या गोष्टी २५च. ‘चांदोबा’ मराठीत १९५२पासून, मद्रासहून निघे. वेताळाची गोष्ट महिन्याला एक, तीही कित्येक दशकं. म्हणजे आपण वाचलेल्यातल्या बहुतेक गोष्टी जुन्या चौकटीत नव्यानं लिहिलेल्या होत्या. ‘चांदोबा’तल्या कितीतरी क्रमशः अद्भुत कादंबऱ्या दासरी सुब्रह्मण्यम यांनी तेलुगूत लिहिल्या आणि त्यावर त्यांचं नाव छापलं जात नसे. ज्यानं आपल्याला जंगल, मांत्रिक, पाताळ दाखवलं त्याचं नाव मराठी वाचकाला माहीतच नव्हतं. हे बैठकीत सांगायलाच हवं.

दुसरं म्हणजे चित्रं. उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, हा विक्रम चित्रकार शंकर यांनी काढलेला आहे. कागदावर प्रत्येक आठवणीपुढे ‘चि’ किंवा ‘म’ लिहायला सांगा, चित्रातली की मजकुरातली. पुष्कळ ‘म’ नंतर ‘चि’ निघतात. म्हणून वाचायला चित्रांसकट अंक घ्या, नुसता टाइप केलेला मजकूर नको. मराठी ग्रंथ संग्रहालयात (ठाण्यातलं, १८९३चं) चौकशी करा. जुने बांधीव अंक असले तरी घरी मिळतीलच असं नाही, तेव्हा आधी जाऊन विचारून या.

नेरूळ_पूर्व
गटात भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचलेले असणारच. तिथे एक चूक हमखास होते: लोक तुलनेसाठी पूर्ण इंग्रजी पुस्तक आणतात आणि ‘आठवतं त्यापेक्षा कंटाळवाणं निघालं’ म्हणतात. लहानपणी वाचलं ते सुटसुटीत केलेलं मराठी होतं, मजकूरच वेगळा. तीच मराठी प्रत शोधा. ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ घ्या. ‘धूमकेतू’ असताना ‘शेंडेनक्षत्र’! तो शब्द वाचणाऱ्याला आकाशात शेंडी दिसते. हे देणं व्हर्नचं नव्हे, भागवतांचं. लेखकाचा ठसा आणि भाषांतरकाराचा ठसा अशा दोन याद्या करा.

‘वाचनानं माणूस चांगला होतो’ असं कुणी म्हणालं तर एक अभ्यास सांगा. इटलीत मानसशास्त्रज्ञ व्हेझाली आणि सहकाऱ्यांनी पाचवीच्या ३४ मुलांबरोबर सहा आठवडे हॅरी पॉटरमधले उतारे वाचून चर्चा केली. पूर्वग्रहावरचे उतारे वाचलेल्यांपैकी जी मुलं हॅरीला जवळचा मानत होती, त्यांचंच स्थलांतरितांबद्दलचं मत सुधारलं. मुलं थोडी, काळही थोडा. मोठेपणापर्यंत काय टिकतं, याचा हा पुरावा नव्हे.

नौपाडा_वाचनगट
खूप आभार. आज खटकणाऱ्या गोष्टींचं काय? कुरूप तो दुष्ट, राजकन्या म्हणजे बक्षीस वगैरे.

पिंपळपान
शेवटची २५ मिनिटं त्यासाठीच ठेवा. सुरुवातीला घेतलंत तर लोक सावध होतात आणि कागदावर खरं लिहीत नाहीत. ‘हे चूक आहे का’ असं विचारू नका, एका शब्दात उत्तर येतं. ‘या गोष्टीत कुणाला एकही वाक्य दिलेलं नाही?’ असं विचारा आणि पानावर बोट ठेवून शोधायला लावा. आणि त्याआधी उघडलेले कागद गोळा करून घ्या, हा भाग संपेपर्यंत परत देऊ नका. पहिल्यांदा लिहिलेला नियम कुणाच्या बाजूचा होता, हे त्यानंतरच प्रत्येकाला तपासू द्या.