आधी पोहा, मग पळा : पहिल्या वेळी तुमचं काय झालं?

पणजीकर

गेल्या रविवारी मिरामारला आयुष्यातली पहिली पोहण्या-धावण्याची स्पर्धा केली. ७५० मीटर समुद्र, मग दोनापावलाच्या रस्त्यानं जाऊन-येऊन ५ किलोमीटर. वय ४३, पोट शाबूत. शेवटून चौथा आलो. बायको म्हणाली, "मागे तिघं होती ना? मग झालं तर."

तयारी सगळी कांपालच्या तलावात. तिथं तळाला काळी रेघ असते, तिच्यावरून सरळ जायचं, भिंत आली की वळायचं. समुद्रात रेघ कुठली! मांडवीच्या मुखाजवळचं ते गढूळ पाणी, माझाच पंजा मला दिसेना. भोंगा वाजला, शंभरेक माणसं एकदम घुसली, कुणाची तरी टाच माझ्या गॉगलवर बसली आणि माझा श्वास गेला. पोहायला येत होतं, श्वास घ्यायला येत नव्हतं. कयाकवरचा, म्हणजे मदतीच्या छोट्या होडीतला पोरगा शांतपणे म्हणाला, "पात्रांव (साहेब), मातशें उताणें रावात. घाय कसली?" उताणा पडलो. समोर आग्वादचा किल्ला उलटा दिसत होता. दहा-बारा श्वास घेतले आणि मग निघालो.

खरी फजिती मात्र किनाऱ्यावर झाली. उभा राहिलो आणि सगळं गरगरलं. इतका वेळ आडवा असलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं, हे नंतर कळलं. त्या क्षणी वाटलं, आता इथंच पडणार. झोकांड्या खात बुटांपर्यंत पोचलो. ओले पाय, पायांना रेती, त्यावर मोजे चढेनात. लेस बांधताना बोटं थरथरत होती. बूट घालायला मला ६ मिनिटं लागली. सहा! पोहण्यात जेवढं कमावलं होतं ते मोज्यात घालवलं.

म्हणून हा धागा. पाण्यातून बाहेर आल्यावरची पहिली शंभर पावलं तुमची कशी गेली? पहिल्याच वेळचं लिहा, पदकांचं नको.

डिचोलीकर

मी नदीत शिकलो. पोटाला दोन सुके नारळ बांधून मामानं ढकलून दिलं, तोच आमचा कोच. त्यामुळे फ्रीस्टाइल नाही, मान वर ठेवून बेडकासारखं पोहणं. स्पर्धेत आजूबाजूची मंडळी बघून हसली. पण त्यातली निम्मी पुढं बोयाच्या, म्हणजे वळायच्या तरंगत्या खुणेच्या, भलत्याच बाजूला सापडली, कारण डोकं पाण्यात घालून जोरात निघाली होती. मला बोया कायम समोर.

नंतर शिकलो की फ्रीस्टाइलमध्येही आठ-दहा हातांनी एकदा डोळे वर काढायचे असतात. पूर्ण डोकं नाही, फक्त डोळे, कुंभारजुव्याच्या कालव्यातली मगर काढते तेवढेच. डोकं जास्त उचललं की पाय खाली जातात आणि माणूस नांगर टाकल्यासारखा थांबतो. आणि बोयावर नजर ठेवू नका, लाटेमागे तो दिसतच नाही. त्याच्या मागचं उंच काहीतरी धरा, माड, इमारत, काहीही.

धावण्याबद्दल न बोललेलं बरं. खारं पाणी इतकं पोटात गेलं होतं की पहिल्या किलोमीटरलाच रस्त्याकडेला बाहेर आलं.

फोंड्याची

व्हॅसलिन. काखेत आणि मानेवर, जिथं पोशाखाची कड लागते तिथं. मला कुणी सांगितलं नव्हतं. खारट अंगानं ५ किलोमीटर पळाले आणि घरी अंगावर पहिला तांब्या ओतला तेव्हा अशी ओरडले की शेजारीण धावत आली.

वास्कोकर

पणजीकर, रविवारी तिथी कोणती होती ते बघितलंत का? हसू नका.

माझे आजोबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यानं मासे धरायला जायचे. भरतीसाठी त्यांना तक्ता लागत नसे. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाच्या थोडी वर पुढं सरकते, म्हणून हिशोब जमतो. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण होडीला तेवढं चालायचं.

माझ्या पहिल्या स्पर्धेला षष्ठी होती. साडेचारला भरती, म्हणजे सात वाजता ओहोटी ऐन जोरात, आणि नदीचं पाणी बाहेर निघालेलं. हे मला घरबसल्या कळायला हवं होतं. कळलं कधी, तर बोयाकडे तोंड करून पोहत होतो आणि बोया डावीकडून उजवीकडे चालला होता तेव्हा. बोया नांगरलेला, चाललो मीच होतो. मग सरळ बोयाकडे न जाता प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड केलं, तिरका पोहत गेलो तेव्हा कुठं वळसा पडला. होडीवाले नदी अशीच ओलांडतात हे लहानपणापासून बघत होतो, पण स्वतःच्या हातापायांना ते लागू करायचं सुचलं नव्हतं.

दुसरं, ओहोटीत वाळू लांबवर उघडी पडते. बुटांच्या जागेपर्यंत मला जवळजवळ दीडशे पावलं ओल्या रेतीतून जावं लागलं, आणि पोटऱ्यांत गोळे तिथंच आले. आता शेवटच्या पन्नास मीटरला मुद्दाम पाय जास्त मारतो, म्हणजे उभं राहायच्या आधी पायांना जाग येते. आणि पाणी कमरेएवढं झालं म्हणून लगेच उभं राहायचं नाही. हात वाळूला लागेपर्यंत पोहायचं.

पेडण्याची सून

आमचा प्रकार वेगळा. बूट बदलायचेच नाहीत! बूट घालून पोहायचं आणि ओल्या कपड्यांनीच पळायचं, परत पाण्यात, परत वाळूवर. स्वीडनमधून आलेलं खूळ आहे. २००२ साली चार मित्रांनी पैज लावली, दोन-दोनच्या जोड्या करून स्टॉकहोमजवळच्या बेटांवरून पोहत-पळत जायचं आणि हरलेल्या जोडीनं राहण्या-जेवणाचं बिल भरायचं. एक दिवसापेक्षा जास्त वेळ लागला म्हणे त्यांना. २००६ पासून तिची रीतसर स्पर्धा झाली, नावाचा अर्थच 'बेट ते बेट'. तिथलं पाणी गार म्हणून ते रबरी पोशाख घालतात. आपल्याकडे तो घालून पळालं तर माणूस उकडून निघेल.

आम्ही दहा-बारा जणांनी घरगुती केलं, आश्वे ते मांद्रे. मोरजीकडे गेलो नाही, ती कासवांची जागा. नियम जोडीचा असल्यामुळे माझी जोडी नणंदेशी, कमरेला तीन मीटर दोरी. घरात जे चौदा वर्षांत झालं नाही ते दोरीनं केलं. पाण्यात ती पुढं, मी मागं ओढली जातेय. वाळूवर मी पुढं आणि मागून तिची हाक, "वहिनी, हळू गं, मी काय बैल आहे?" माझे बूट जाड स्पंजाचे, पाणी प्यायले की सुटेचनात, प्रत्येक पाय एकेक किलोचा. तिनं जुने, जाळीदार, भोकं पडलेले घातले होते. चार पावलांत पाणी बाहेर. वन्सं कंजूष आहेत असं मी इतकी वर्षं म्हणत आले, त्या दिवशी गप्प बसले.

मडगावकर

माझा राग आयोजकांवर. परतीच्या पाणपोईवर पोचलो तेव्हा टेबल होतं, पाणी नव्हतं. रिकामे पेले तेवढे वाऱ्यावर पळत होते. पुढच्यांना पुरलं, मागच्यांना नाही, आणि गरज मागच्यांनाच जास्त, कारण ते उन्हात जास्त वेळ असतात. शेवटी गाडेवाल्या मावशीनं कोकम सरबत दिलं, "पैसे मागीर हाडून दी" म्हणाली. नंतर दिले. तेव्हापासून कमरेच्या पट्ट्यात छोटी बाटली असते. ती उड्या मारते, पण असते.

पणजीकर

वास्कोकर, कालनिर्णय बघितलं. पंचमी होती! म्हणजे पावणेचारला भरती, आणि आम्ही सातला उतरलो. मी मात्र आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरतोय की माझा उजवा हात कमजोर आहे, म्हणून बाजूला सरकत गेलो.

मोजे कायमचे बंद केलेत. बुटांना लवचिक लेस घातली, बांधायची नाही, नुसता पाय सारायचा, आत थोडी पावडर. रोज संध्याकाळी न्हाणीघरातून ओल्या पायांनी जिन्यापर्यंत येतो, पाय पुसतो, बूट घालतो. धाकटी घड्याळ लावून बसते. काल ५२ सेकंद. बायको म्हणते, लादी कोण पुसणार?