मदत हवी आहे: १९५९ ची ट्रायम्फ टायगर ११० मोटरसायकल बोनव्हिलच्या मिठावर पळवायचीय, गिअरिंग आणि मॅग्नेटोचं काय करू?

नमस्कार मंडळी, मी सॉल्ट लेक सिटीला असतो, बोनव्हिलचं मीठ, म्हणजे वेगाचे विक्रम जिथे होतात ते मिठाचं सपाट मैदान, इथून गाडीने दोन तासांच्या आत. १९५६ ला जॉनी ॲलनने ६५० सीसी ट्रायम्फचं इंजिन घातलेली लांबुळकी गाडी तिथेच ताशी २१४ मैलांवर नेली होती आणि ट्रायम्फच्या बोनव्हिल मॉडेलचं नावही त्यावरूनच पडलं. माझी गाडी साधी टायगर ११०, एकच कार्ब्युरेटर. नावातलं ११० म्हणजे ताशी ११० मैल, आणि तेवढेच मला हवेत, पिस्टन-कॅम काही न बदलता.

मागच्या महिन्यात इंजिन पूर्ण खोललं. क्रँकच्या आत गाळ साठायची नळी असते तिचा स्क्रू पंच मारून बसवलेला, गरम केल्याशिवाय हलेना, आणि नळी बाहेर आली तर आत काळा घट्ट गाळ, मेणात डांबर मळल्यासारखा, स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढावा लागला. बिग एंडला (रॉड क्रँकला जोडतो तिथलं बेअरिंग) जाणारं तेल याच्यातूनच जातं हो! इंजिन वरून छान चालत होतं, तसंच फुल थ्रॉटल दिलं असतं तर रॉड केसिंग फोडून बाहेर आला असता. ज्यांच्याकडे ही इंजिनं आहेत त्यांनी आधी हे बघा.

आता अडलंय ते असं. चेनच्या स्प्रॉकेटचे दात: इंजिन २४, क्लच ४३, गिअरबॉक्स १८, मागे ४६, म्हणजे टॉप गिअरला चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे ४.५८ फेरे. मागच्या टायरचा एक फेरा साधारण २.०८ मीटर, तर ६५०० आरपीएमला १७७ किमी, म्हणजे बरोबर ११० मैल येतात. पण मीठ ४२०० फुटांवर, ऑगस्टचं ऊन, हवा विरळ, पॉवर जवळजवळ पाचवा हिस्सा कमी होणार. मग १८ चे १९ दात करू का तसंच ठेवू? गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट बदलायला क्लच काढावा लागतो, ते काम मिठात बसून करायची इच्छा नाही.

दुसरं, मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय प्लगला ठिणगी देणारं यंत्र. लुकासचा के२एफ, थंड असताना ठिणगी मस्त, पण वीस मिनिटांनी गरम झाला की एक सिलेंडर सुटतो. प्लग, वायर, पॉइंट सगळं बदलून झालंय. ठिणगीचं टायमिंग फुल ॲडव्हान्सला (पिस्टन वर पोचायच्या आधी) ३९ डिग्री, ते दोनदा तपासलं.

स्टिअरिंग डँपर आणि पडलो तर इंजिन बंद करणारी मनगटाची दोरी, दोन्ही बसवलंय.

प्रतिसाद:
दादा, आधी मॅग्नेटो. गरम झाल्यावर सुटतो म्हणजे बहुतेक कंडेन्सर गेलाय, तो आर्मेचरच्या (मॅग्नेटोचा आतला फिरणारा भाग) आत असतो, त्यामुळे बाहेरून कितीही बदललंत तरी फरक पडणार नाही. आर्मेचर नवीन वाइंडिंग आणि नवीन कंडेन्सरसकट करून घ्या, बाकी सगळं त्याच्यानंतर. गिअरिंग १८ च ठेवा. हवा विरळ म्हणजे पॉवर कमी, पण वाराही तेवढाच कमी अडवतो, त्यामुळे टॉप स्पीडला वाटतं तेवढा फटका बसत नाही, खरा त्रास मिठाचा, चाक घसरतं, आरपीएम दिसतो पण तेवढा वेग मिळत नाही. १९ दातांनी ११६ मैल कागदावर येतील, इंजिन ओढणार नाही. कार्ब्युरेटरचं मुख्य जेट (पेट्रोल जातं ते भोक) मात्र एक-दोन नंबर लहान न्या, नाहीतर विरळ हवेत पेट्रोल जास्त जाईल. आणि टायर जुने असले तर फेकाच, साइडवॉलवर एच लिहिलेले घ्या, २१० किमीपर्यंतचे. नवीन ट्यूब, धातूची व्हॉल्व्ह कॅप.

मूळ धागाकर्ता:
कंडेन्सर आत असतो हे खरंच माहीत नव्हतं, मी बाहेरचंच बदलत बसलो होतो. आर्मेचर सोमवारी पाठवतो. एकच राहिलं, परत आल्यावर मीठ कसं काढायचं? नुसतं पाणी मारून पुरतं का, हब आणि चेनमध्ये गेलेलं कसं काढता?